स्वयंचलित विकलन

स्वयंचलित विकलन ही संगणकीय आज्ञावलीने मांडलेल्या फलाचा विकलज, म्हणजे बदलाचा तात्कालिक दर, त्याच आज्ञावलीच्या आधारे काढण्याची पद्धत आहे. आज्ञावली कितीही लांब असली तरी ती अखेर बेरीज, गुणाकार, ज्या, घातांक अशा मूलभूत क्रियांची मालिका असते. प्रत्येक क्रियेचा विकलज ज्ञात असल्याने साखळी नियमाने ते जोडत गेल्यास संपूर्ण गणनेचा विकलज मिळतो. उदाहरणार्थ, क्ष = ३ असताना क्ष² ची किंमत ९ व दर ६, तर ५क्ष ची किंमत १५ व दर ५; म्हणून क्ष² + ५क्ष ची किंमत २४ व दर ११.

किंचित बदललेली किंमत घालून दोन उत्तरांतील फरक मोजण्याची जुनी रीत सोपी आहे, परंतु जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीत सार्थ अंक गमावले जातात. स्वयंचलित विकलनात ही त्रुटी नसते.

अग्रगामी आणि प्रतिगामी प्रकार

वरील उदाहरण अग्रगामी प्रकाराचे आहे. प्रतिगामी प्रकारात गणना एकदा पूर्ण करून उत्तराकडून मूळ चलांकडे उलट जातात. कृष्णेच्या पुराचे प्रारूप घेतल्यास त्याचे महत्त्व कळते. कोयनेचा विसर्ग, ती कराडला कृष्णेस मिळाल्यावरचा प्रवाह, सातारा जिल्ह्यातील ठिकठिकाणचा पाऊस, पात्राचा खडबडीतपणा अशी शेकडो आदाने. उत्तर मात्र एकच, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी असल्याने कोणत्या आदानाचा परिणाम किती, हे समजणे निकडीचे ठरते. शंभर आदानांसाठी जुन्या रीतीने प्रारूप १०१ वेळा चालवावे लागते. प्रतिगामी प्रकारात सर्व दर मूळ गणनेच्या काही पटच श्रमांत एकदम मिळतात. मधल्या किमती साठवण्यास स्मृती मात्र बरीच लागते.

इतिहास

आर. ई. वेंगर्ट यांनी १९६४ मध्ये अग्रगामी प्रकारावर लेख प्रसिद्ध केला. फिनलंडचे सेप्पो लिन्नाइन्मा यांनी १९७० च्या प्रबंधात प्रतिगामी प्रकार मांडला. कृत्रिम चेताजालांच्या प्रशिक्षणातील पश्चप्रसारण हे त्याचेच विशेष रूप होय. तात्कालिक दराची कल्पना अर्थातच फार जुनी असून भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त (इ.स. ११५०) ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार आढळतो.

मर्यादा

मिळणारा विकलज हा आज्ञावलीने प्रत्यक्ष घेतलेल्या वाटेचाच असतो. 'जलाशय ठरावीक पातळीवर गेल्यास दरवाजे उघडावेत' अशी अट प्रारूपात असेल आणि पाणी त्या पातळीच्या किंचित खाली असेल, तर थोड्या अधिक पावसाने विसर्गात येणारी उडी विकलजात दिसत नाही.