एका युद्धकैद्याची विनंती

विद्यालयात जुळलेली नाती राज्ये फुटली म्हणजे टिकतात की नाही, हा प्रश्न अध्यापनात आयुष्य घालविलेल्या आम्हांस नेहमीच जिज्ञासेचा वाटत आला आहे. त्याचे एक उत्तर अमेरिकेतील यादवी युद्धाच्या इतिहासात सापडते. ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

लुइझियाना राज्यात अलेक्झांड्रिया गावानजीक २ जानेवारी १८६० रोजी एक सैनिकी विद्यालय उघडले. विल्यम शर्मन हे त्याचे प्रमुख व डेव्हिड बॉइड हे प्राचीन भाषांचे अध्यापक. त्याच वर्षीच्या डिसेंबरात साउथ कॅरोलिना राज्य संघराज्यातून फुटल्याची वार्ता आली, तेव्हा शर्मन यांनी बॉइड यांच्यासमोर अश्रू ढाळले व कारखाने नसलेल्या दक्षिणेचा युद्धात नाश होईल असे बजावले. पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. पुढे ते उत्तरेचे सेनापति झाले. बॉइड दक्षिणेच्या सैन्यात गेले.

१८६४ च्या आरंभी बॉइड पकडले जाऊन मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ येथे कैदेत पडले. त्या युद्धात कैद्यास शब्दावर सोडण्याची रीत होती. रीतसर अदलाबदल होईपर्यंत शस्त्र धरणार नाही, अशी शपथ त्याने घ्यावयाची. जुलै १८६२ च्या कराराने तिला नियमांचे रूप आले, आणि जुलै १८६३ मध्ये व्हिक्सबर्ग पडले तेव्हा सुमारे २९ हजार सैनिक असेच सोडले गेले. परंतु उत्तरेच्या सैन्यातील कृष्णवर्णीय शिपायांना दक्षिणेचे सरकार युद्धकैदी मानीना, म्हणून ही व्यवस्था मोडत गेली. उत्तरेकडील तुरुंगाची धास्ती घेतलेल्या बॉइड यांस आता जुन्या प्रमुखांचाच आधार उरला होता. न्यू ऑर्लिन्सला जाताना शर्मन नॅचेझ येथे आले, तेव्हा बॉइड यांनी त्यांस सुटकेची विनंती केली. शर्मन यांनी त्यांस बरोबर नेले, नवे कपडे देवविले आणि जनरल बँक्स यांस त्यांची अदलाबदल घडवून आणण्यास सांगितले. ती घडलीही. युद्ध संपल्यावर १८६५ त बॉइड त्याच विद्यालयाचे प्रमुख झाले. आजचे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी ते हेच.

शत्रूच्या सैन्यातील सहकाऱ्यास न विसरणारे शर्मन यांचे औदार्य आम्हांस वंद्य वाटते. तथापि त्याच फेब्रुवारीत जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल येथे दक्षिणेचा बंदिवास सुरू झाला व तेथे उत्तरेचे सुमारे १३ हजार कैदी मरण पावले. त्यांची विनंती ऐकावयास कोणी जुना स्नेही सेनापति नव्हता; आणि ज्या कृष्णवर्णीय शिपायांस कैदी म्हणूनही कोणी मानीत नव्हते, त्यांनी तर कोणाकडे पहावे? बॉइड सुटले ते ओळखीमुळे. व्हिक्सबर्गचे २९ हजार सुटले ते नियमामुळे.

ज्ञातिबांधवांनी एकमेकांच्या अडचणीस धावून जावे, हे योग्यच आहे. त्यासाठीच आपली संस्था आहे. परंतु ज्याची कोठेच ओळख नाही, त्याचाही हक्क सुरक्षित राहील अशी व्यवस्था जपणे हेही आपले कर्तव्य होय, एवढेच आम्हांस येथे सुचवावयाचे आहे.