गुप्तरोगांची तपासणी : छावणीपासून सिन्नरच्या बाजारापर्यंत

नाशिक-पुणे मार्गावरील सिन्नर आणि देवळालीची लष्करी छावणी यांतील अंतर फार नाही. तथापि गुप्तरोगांच्या वैद्यकीय तपासणीचा इतिहास पाहू जाता ही दोन स्थळे दीर्घकाळ दोन निराळ्या जगांत होती, असे दिसते. १८६४ च्या छावणी कायद्याने लष्करी हद्दीतील वेश्यांची नोंदणी, त्यांची तपासणी आणि लॉक हॉस्पिटलातील सक्तीचा मुक्काम यांस वाट करून दिली. मुंबईस उतरलेल्या गोऱ्या पलटणींचा तळ असलेली देवळाली या व्यवस्थेच्या कक्षेत येत होती. सिन्नरचा बाजार येत नव्हता. तपासणी शिपायाच्या मागोमाग चालली होती. सामान्य रोगी कोठे आहे, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच.

मुंबई शहरात १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा १८७० मध्ये लागू झाला, विरोधामुळे १८७२ मध्ये स्थगित झाला, १८८० मध्ये पुन्हा आला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. या चढउताराची चर्चा बहुधा नीती, खर्च व नागरी हक्क यांच्या अंगाने होते. त्या तपासणीस रोग खरोखर कळत होता काय, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. डॉक्टर योनिदर्शक लावून डोळ्यांनी व्रण किंवा स्राव पाहत असे. परम्याचा जंतू नायसर याने १८७९ मध्ये दाखविला. उपदंशाचा जंतू शाउडिन व हॉफमान यांना १९०५ मध्ये दिसला. म्हणजे मुंबईतील कायदा रद्द झाला तेव्हा उपदंशाचे कारणही अज्ञात होते. शिवाय उपदंशाचा पहिला व्रण आपोआप भरून येतो आणि पुढे रोग वर्षानुवर्षे सुप्त राहतो. अशी स्त्री निरोगी ठरे. साध्या प्रदराने पीडित स्त्री मात्र अडकवली जाई. जे यंत्र नीट न उकळता एकीनंतर दुसरीस लावले जाई, ते स्वतःच संसर्गाचे साधन होऊ शके. पुरुषाची तपासणी या कायद्यात नव्हती, हे वेगळे सांगावयास नको.

१९०६ मध्ये वासरमान व त्याच्या सहकाऱ्यांनी रक्ताची कसोटी शोधली आणि तपासणीचे क्षेत्र शरीराच्या पृष्ठभागावरून रक्तरसाकडे सरकले. १९४६ मधील व्हीडीआरएल कसोटी तिच्याहून पुष्कळ सोपी होती : रक्तरस ५६ अंश सेल्सियसवर अर्धा तास तापवायचा, काचपट्टीवर प्रतिजनाचा थेंब मिसळायचा, काचपट्टी चार मिनिटे फिरवायची आणि गुठळ्या दिसतात का ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. पण ही कसोटी जंतू शोधीत नाही; रोगाने ऊतींची हानी झाल्यावर निर्माण होणारी प्रतिद्रव्ये ती टिपते. त्यामुळे हिवताप, कुष्ठरोग, क्वचित गर्भावस्था यांतही ती होकारार्थी येते. महाराष्ट्रासारख्या प्रदेशात ही त्रुटी किरकोळ मानता येत नाही, म्हणून उपदंशाच्या जंतूविरुद्धची विशिष्ट प्रतिद्रव्ये शोधणारी दुसरी कसोटी जोडावी लागते. परम्याची अडचण निराळी. पुरुषाच्या स्रावाचा ग्रॅम-रंजित लेप सहसा पुरेसा ठरतो; स्त्रीच्या बाबतीत मात्र त्याच लेपातून जवळजवळ निम्मे रोगी निसटतात. तेथे जंतुसंवर्धन किंवा अलीकडची न्यूक्लिइक अम्लाची चाचणी हवी, आणि तिला यंत्र व पैसा दोन्ही लागतात.

ज्या गावी प्रयोगशाळा नाही तेथे काय करावे? लक्षणसमूह पाहून लगेच औषध देणे, हा यावरचा मार्ग भारतात स्वीकारला गेला. त्यासाठी रंगवार औषधसंच ठरले. करड्या रंगाचा संच मूत्रमार्ग व गर्भाशयमुखाच्या स्रावासाठी, पांढरा व्रणासाठी. मार्ग व्यवहार्य आहे. परंतु ज्या स्त्रीला लक्षणच नाही, ती त्यात दिसत नाही. डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची प्रत्यक्ष व प्रयोगशालेय तपासणी करून १९८९ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते येथे निर्णायक वाटतात. ९२ टक्के स्त्रियांत एखादा तरी स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळला. तक्रार मात्र ५५ टक्क्यांचीच होती. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. मुंबईच्या कायद्याने बळाने जे साधू पाहिले, त्याहून कितीतरी अधिक ज्ञान येथे संमतीने मिळाले.

एचआयव्हीच्या चाचणीस आज २०१७ च्या कायद्यान्वये माहितीपूर्वक संमती लागते. बोटातून घेतलेल्या थेंबावर काही मिनिटांत उपदंश व एचआयव्ही दाखविणाऱ्या पट्ट्या आल्यामुळे सिन्नरसारख्या तालुक्याच्या गावीही गरोदर स्त्रीची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेवाचून होऊ शकते. तिचा निकाल होकारार्थी आला तर पतीलाही बोलावले जाते. त्याने यावे की नाही, हे त्याच्या इच्छेवर असते.