ओसाड घराच्या दारावर कुणाचं नाव?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या घरांचा विषय निघाला. एका तरुणाने सरळ विचारलं, "तिकडे बँकांनी जप्त केलेली घरं ओस पडली, त्याचं आपण काय करायचं?" प्रश्न रास्त होता. दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात एका साध्या नियमापासून करू. मेक्सिकोच्या सीमेजवळ, कॅलिफोर्नियात, चुला व्हिस्टा नावाचं शहर आहे. २००७ साली गृहकर्जाचा फुगा फुटू लागला आणि तिथे घरं धडाधड रिकामी होऊ लागली. तेव्हा शहराने नियम केला. कर्जदाराचे हप्ते थकले की कर्ज देणाऱ्याने घराची पाहणी करायची. घर रिकामं असेल तर शहराच्या नोंदवहीत त्याची नोंद करायची, देखभालीसाठी स्थानिक माणूस नेमायचा आणि त्याचा संपर्क घरावर लावायचा. गवत माजलं, दार फुटलं, तर जबाब त्याने द्यायचा. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शेकडो शहरांनी असे नियम केले.

वरवर पाहता ही गवत कापण्याची आणि खिडक्या बंद करण्याची गोष्ट आहे. पण 'या पडक्या घराला जबाबदार कोण?' हा प्रश्न विचारायला अमेरिकन शहरांना २००७ पर्यंत का थांबावं लागलं? कारण त्याआधीची सत्तर वर्षं नोंद झाली ती राहणाऱ्यांची. पैसे लावणाऱ्यांची आणि पैसे रोखणाऱ्यांची झाली नाही.

१९३३ साली, महामंदीत, रूझवेल्ट सरकारने बुडणारी गृहकर्जं वाचवण्यासाठी 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' काढलं. या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, निळा म्हणजे बरा, पिवळा म्हणजे उतरणीला लागलेला, लाल म्हणजे धोकादायक. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळपास हमखास लाल. १९३४ मध्ये आलेल्या 'फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशन'ने याच विचाराला सरकारी हमीची ताकद दिली. तिच्या नियमावलीत वेगळ्या वंशाचे लोक शेजारी येणं हा मालमत्तेच्या किमतीला धोका मानला गेला. गोऱ्यांच्या उपनगरांना स्वस्त आणि दीर्घ मुदतीचं कर्ज मिळालं. कृष्णवर्णीय कुटुंबाकडे नोकरी असो, बचत असो, त्याला दार बंद. माणसाची पत त्याच्या कमाईवर ठरत नव्हती, जन्मावर ठरत होती. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

बँकेचं दार बंद झालं की सावकाराचं दार उघडतं. शिकागोच्या पश्चिम भागातल्या नॉर्थ लॉनडेलमध्ये हेच झालं. दलाल गोऱ्या घरमालकांना भीती घालायचे : ते लोक येताहेत, किंमत पडेल, विका. घाबरलेल्या मालकाकडून पडत्या भावात घर घ्यायचं आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला जवळपास दुप्पट भावाने करारावर द्यायचं. हा करार म्हणजे आपल्याकडचं साठेखत समजा. पैसे आजपासून भरायचे, दुरुस्ती आपण करायची, पण खरेदीखत मिळणार शेवटचा हप्ता फिटल्यावर. मधला एक हप्ता चुकला तर घर गेलं आणि भरलेले पैसेही गेले. मग तेच घर दुसऱ्या कुटुंबाला.

या कुटुंबांनी १९६८ साली 'कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग' उभी केली आणि अनेकांनी एकत्रितपणे हप्ते रोखले. काही कुटुंबांचं सामान रस्त्यावर फेकलं गेलं. न्यायालयात हवा तो विजय मिळाला नाही, पण संघटनेच्या जोरावर अनेकांनी आपले करार नव्याने ठरवून घेतले. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घरांच्या व्यवहारातला भेदभाव बेकायदा ठरवणारा 'फेअर हाऊसिंग ॲक्ट' आला. दोनच वर्षांपूर्वी किंग याच नॉर्थ लॉनडेलमध्ये भाड्याने राहायला आले होते. शहरातली वस्त्यांची फाळणी तिथे राहूनच त्यांना जगापुढे आणायची होती.

कायदा आला, पण पुरावा कुठे होता? 'आम्ही भेदभाव करत नाही' असं बँका म्हणायच्या आणि त्यांची खातेवही कुणाला दिसायची नाही. शिकागोच्याच ऑस्टिन भागातल्या गेल सिन्कोटा या गोऱ्या गृहिणीने कृष्णवर्णीय शेजाऱ्यांसोबत आंदोलन उभं केलं. त्याच्या रेट्यातून १९७५ चा कायदा झाला : बँकेने कोणत्या भागात किती गृहकर्ज दिलं, ते जाहीर करायचं. १९७७ च्या कायद्याने ज्या वस्तीतून ठेवी घेता, तिथल्या कर्जाच्या गरजाही भागवा, अशी जबाबदारी बँकांवर टाकली. अर्जदाराच्या वंशाची नोंद बंधनकारक व्हायला मात्र १९८९ ची दुरुस्ती यावी लागली. म्हणजे भेदभाव करताना वंश नकाशावर रंगवायला सरकार तयार होतं, पण भेदभाव मोजण्यासाठी वंश लिहायला अर्धशतक लागलं. 'आम्ही जात पाहत नाही, मग जनगणना कशाला?' हा युक्तिवाद करणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

२००० नंतर खेळ उलटा झाला. ज्या वस्त्यांना कर्ज नाकारलं होतं, तिथेच कर्ज खपवायला माणसं फिरू लागली. सुरुवातीला हप्ता कमी, दोन वर्षांनी व्याज उसळणार. साध्या कर्जाला पात्र असलेल्या अनेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांच्या गळ्यात ही महागडी कर्जं मारली गेली. बाल्टिमोर शहराने २००८ साली वेल्स फार्गो बँकेवर याच मुद्द्यावर दावा लावला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत बँकेने आरोप मान्य केले नाहीत, पण १७ कोटी ५० लाख डॉलर देण्याचं कबूल केलं. 'सेंटर फॉर रिस्पॉन्सिबल लेंडिंग'च्या २०११ च्या अहवालानुसार २००४ ते २००८ या काळात कर्ज घेतलेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कर्जदारांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांनी घर गमावलं होतं किंवा ते गमावण्याच्या टोकावर होते. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आत होतं.

आता ओसाड घराकडे परत येऊ. जप्तीची नोटीस आली की कुटुंब घाबरून निघून जातं. बँक खटला सुरू करते, पण घराची किंमत खर्चापेक्षा कमी दिसली की मध्येच सोडून देते. कागदावर मालक तोच, गेलेला माणूस. छप्पर गळतं, तांब्याचे पाइप चोरीला जातात, शेजाऱ्याच्या घराची किंमतही घसरते. आणि शहराची दंडाची नोटीस कुणाच्या नावे निघते? ज्याचं सगळं गेलं त्याच्याच नावे. कर्ज तर दहा ठिकाणी विकलं गेलेलं, त्यामुळे धनको शोधूनही सापडत नाही.

म्हणून नोंदणीचा नियम महत्त्वाचा. शिकागोने २०११ साली आपला नियम बदलून रिकाम्या घराची जबाबदारी गहाण ठेवून घेणाऱ्यावरही टाकली, घर त्याच्या नावावर झालेलं नसलं तरी. नोंदणी करा, ५०० डॉलर भरा, दारं-खिडक्या बंद ठेवा, गवत कापा. ज्याला त्या घरातून पैसा कमवायचा होता, त्याचं नाव प्रथमच पडझडीच्या पानावर आलं.

मग काय झालं? त्याच वर्षाच्या अखेरीस शहरावर दावा लागला. दावा लावणारी खाजगी बँक नव्हती. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जातल्या महाकाय संस्थांचा कारभार २००८ पासून पाहणारी केंद्र सरकारची यंत्रणाच होती. २०१३ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला : शहराला या संस्थांवर देखरेख करता येणार नाही आणि ते ५०० डॉलर म्हणजे कर आहे, जो त्यांना लागू नाही. ज्या केंद्र सरकारच्या यंत्रणेने १९३० च्या दशकात या वस्त्यांचा नकाशा लाल केला, त्याच सरकारच्या यंत्रणेने ऐंशी वर्षांनी नोंदवहीतून सूट मिळवली.

या नियमांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काही शहरांनी नोंदवही खाजगी कंपन्यांकडे दिली आणि शुल्कातला वाटा त्यांना जाऊ लागला. शिवाय नोंदवहीत घर लिहिलं जातं, वंश नाही. 'नॅशनल फेअर हाऊसिंग अलायन्स'च्या कार्यकर्त्यांनी शहरोशहरी फिरून जप्त घरांचे फोटो काढले, तुलना केली आणि दाखवलं की गोऱ्यांच्या वस्तीतलं जप्त घर नीटनेटकं ठेवलं जातं, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतलं कुजू दिलं जातं. त्यावरून चाललेल्या खटल्यात फॅनी मेने २०२२ साली ५ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. नियमाने दार उघडलं, पण आत जाऊन मोजणारे कार्यकर्ते होते म्हणून निष्पन्न झालं.

अभ्यासवर्गातल्या त्या तरुणाला माझं उत्तर हेच आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं, ते कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागण्यासाठी. दुसऱ्या शोषितांनी आपली तक्रार कशी नोंदवली, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतलं तेही तिथूनच. गावकुसाबाहेरची वस्ती आणि लाल रंगवलेली वस्ती यांच्यातलं नातं आपल्या आधीच्या पिढ्यांना दिसलं होतं.

वस्तीत काम करताना मी रोज पाहते, आपल्या माणसाकडे पुराव्याचे दहा कागद मागितले जातात. तो कधी आला, कुठे राहतो, किती वर्षं राहतो. सर्वेक्षण त्याचं, क्रमांक त्याच्या दारावर. ते कागद जपायलाच हवेत. पण त्याच ताकदीने दुसरा प्रश्नही विचारायला शिका : या वस्तीची ही अवस्था ज्यांच्या निर्णयांनी झाली, त्यांचं नाव कोणत्या वहीत आहे? नसेल, तर ती वही उघडायला लावणं हे आपलं काम आहे.

जय भीम!