चेरीचें झाड आणि राजकोटची चिठ्ठी

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या बालपणाची ती गोष्ट सुशिक्षित घरांत बहुतेकांस ठाऊक असते. सहा वर्षांच्या मुलाला एक लहानशी कुऱ्हाड मिळते. ती चालवीत तो बागेंत हिंडतो, वडिलांचें आवडतें चेरीचें झाड तोडतो, आणि वडिलांनीं विचारतांच अपराध कबूल करतो. वडील रागावण्याऐवजीं त्याला पोटाशीं धरतात. मुलांना खरें बोलण्याचा धडा द्यावयाचा झाला, कीं ही कथा हमखास पुढें येते. मौज अशी, कीं खरेपणाचा हा जगप्रसिद्ध धडा स्वतः खरा असल्याचा विश्वसनीय पुरावा मात्र कोणालाच सांपडलेला नाहीं.

वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरांत वारले. पुढच्याच वर्षीं मेसन लॉक वीम्स नांवाच्या गृहस्थानें त्यांचें एक छोटेखानी चरित्र छापून काढलें. वीम्स मूळचा ख्रिस्ती धर्मोपदेशक; परंतु त्याच्या आयुष्याचा मोठा भाग फिलाडेल्फियाच्या मॅथ्यू केरी या प्रकाशकाचीं पुस्तकें गांवोगांव विकण्यांत गेला. लोकांस काय रुचतें हें असा फिरता विक्रेता जितकें जाणतो, तितकें घरांत बसून लिहिणारा पंडित जाणत नाहीं. चरित्राच्या आवृत्त्या निघत गेल्या, त्याबरोबर पुस्तकही फुगत गेलें, आणि १८०६ च्या पांचव्या आवृत्तींत चेरीच्या झाडाची गोष्ट प्रथम अवतरली. वॉशिंग्टन कुटुंबाच्या दूरच्या नात्यांतील एका वृद्ध बाईनें ती आपणांस सांगितली, एवढाच आधार वीम्स देतो. बाईचें नांव देत नाहीं. जॉर्जचे वडील ऑगस्टिन १७४३ सालींच निवर्तले. मुलगा तेव्हां अकरा वर्षांचा होता. त्या पितापुत्रांच्या घरगुती बोलण्याविषयीं इतिहासाला जवळजवळ कांहींच माहीत नाहीं. १९३९ सालीं ग्रँट वूड या अमेरिकन चित्रकारानें या प्रसंगाचें चित्र काढलें, त्यांत वीम्सच पडदा बाजूला सारून प्रेक्षकांना देखावा दाखवीत उभा आहे, आणि कुऱ्हाडवाल्या बालकाच्या धडावर प्रौढ वॉशिंग्टन यांचें सर्वपरिचित डोकें बसविलें आहे! टीकेचा इतका विनोदी प्रकार क्वचितच पाहावयास मिळतो.

पण कथा कल्पित ठरली म्हणून ती टाकून देणें हा घाईचा न्याय होईल. वीम्सचें मूळ पुस्तक उघडून पाहिलें, तर तेथें निराळेंच कांहीं आढळतें. एक तर झाड तेथें तोडलें जातच नाहीं. मुलगा त्याची साल खरवडून काढतो, आणि त्या जखमेंतून झाड पुढें सांवरलें नसावें, असें लेखक म्हणतो. परंतु याहून महत्त्वाचा भाग त्याआधीं येतो. कुऱ्हाड हातीं येण्यापूर्वींच वडील मुलाशीं खोटें बोलण्याविषयीं बोलतात, आणि दोष मुलांवर न टाकतां आईबापांवर टाकतात. क्षुल्लक चुकीसाठीं जीं माणसें मुलांना निर्दयपणें झोडपतात, तींच त्यांना खोटें बोलावयास भाग पाडतात. घाबरलेलें मूल पुढल्या खेपेस छडी चुकविण्यासाठींच खोटें बोलून जातें, असा त्या भाषणाचा आशय आहे. वडील तेथेंच अभय देतात, कीं तुझ्या हातून चूक झाली तर निर्भयपणें येऊन सांग. तुला मार बसणार नाहीं, उलट तूं मला अधिक प्रिय होशील. अर्थात् झाडापाशीं मुलानें दिलेली कबुली हा चमत्कार नव्हे. आधीं मिळालेल्या वचनावर त्यानें ठेवलेला तो विश्वास आहे. मुलांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींतून नेमकें हेंच वचन बहुधा गळून पडलें आहे. वडील माणसांनीं आपली जबाबदारी वगळली आणि सगळा भार सहा वर्षांच्या पोरावर ठेवला, असेंच म्हणावें लागेल.

वीम्सनें कल्पिलेल्या या पित्यासारखा पिता प्रत्यक्षांत होऊन गेल्याची साक्ष हिंदुस्थानांतच मिळते. १९२५ पासून ‘नवजीवन’ मध्यें प्रसिद्ध होऊं लागलेल्या आत्मकथेंत महात्मा गांधींनीं आपल्या राजकोटच्या बालपणांतील दोन प्रसंग नोंदविले आहेत. पहिला शाळेंतला. जाइल्स नांवाचे शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर तपासणीस आले असतां त्यांनीं पांच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. त्यांतला ‘केटल’ हा शब्द मोहननें चुकीचा लिहिला. शिक्षकांनीं बुटाच्या टोकानें खुणावून शेजाऱ्याच्या पाटीवरचें उतरून घेण्यास सुचविलें. पण शिक्षक आपणांस नक्कल करूं न देण्यासाठींच तेथें आहेत, अशी मुलाची समजूत! बाकी साऱ्या वर्गाचे पांचही शब्द बरोबर निघाले. पुढें शिक्षकांनीं त्याला त्याचा मूर्खपणा समजावून देण्याचाही यत्न केला. त्या दिवशीं अप्रामाणिकपणाचा पाठ वर्गांत कोणी दिला, हें निराळें सांगावयास नकोच.

दुसरा प्रसंग घरचा. भावाला सुमारें पंचवीस रुपयांचें कर्ज झालें होतें. तें फेडण्यासाठीं भावाच्याच सोन्याच्या कड्यांतून तुकडा काढण्यांत आला. तो काढणारा मोहन तेव्हां पंधरा वर्षांचा होता. कर्ज फिटलें, पण मन स्वस्थ होईना. वडिलांना सांगावयाचें, तर जीभ रेटेना. येथें गांधींनीं केलेली नोंद वीम्सच्या त्या विस्मृत भाषणाशेजारीं ठेवून वाचण्यासारखी आहे: माराची भीति नव्हतीच, कारण वडिलांनीं मुलांवर कधीं हात टाकल्याचें त्यांना स्मरत नव्हतें, भीति होती ती त्यांना होणाऱ्या दुःखाची. अखेर मोहननें चिठ्ठी लिहिली, शिक्षा मागितली, आणि माझ्या अपराधापायीं आपण स्वतःस क्लेश करून घेऊं नयेत अशी विनंति केली.

करमचंद गांधी त्या वेळीं आजारी असून साध्या लाकडी फळीवर निजत असत. ते चिठ्ठी वाचावयास उठून बसले. डोळ्यांतून आसवें ओघळलीं, कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनीं ती चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. त्या चिठ्ठींत काय होतें, हें आज केवळ गांधींच्या स्वतःच्या सांगण्यावरून कळतें. वीम्सच्या निनांवी बाईप्रमाणें येथेंही साक्षीदार एकच आहे; फरक इतकाच, कीं हा साक्षीदार स्वतःच आरोपी आहे, आणि त्यानें आपलें नांव दिलें आहे.