विकाऊ घर आणि न विकता येणारी बाग

'विकणे आहे : एडवर्डकालीन प्रशस्त कौटुंबिक घर, ग्रामीण बागेसह' अशा अर्थाची जाहिरात इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या छापली जात आहे. घर बदलते, गाव बदलते, किंमत बदलते. शब्द मात्र तेच राहतात. वाचणाऱ्याला त्यातून विटांचे धुराडे, ओकचा जाड दरवाजा, हिरवळ आणि फुलांचे ताटवे दिसू लागतात. या जाहिरातीतील एकेक शब्दामागे मोठा इतिहास दडलेला आहे. तो उलगडू लागलो, की एका वर्गाच्या वैभवाची, एका महायुद्धाची आणि शेवटी आपल्याही दारापर्यंत येणाऱ्या एका प्रश्नाची ओळख होते.

प्रथम 'एडवर्डकालीन' हा शब्द घेऊ. राणी व्हिक्टोरियानंतर तिचा मुलगा सातवा एडवर्ड १९०१ साली गादीवर आला आणि १९१० साली मरण पावला. राज्य जेमतेम नऊ वर्षांचे. तथापि इतिहासकार पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंतचा, म्हणजे १९१४ पर्यंतचा काळही बहुधा त्याच नावाने ओळखतात. मुंबईकरांना हा राजा अगदीच परका नाही. युवराज असताना १८७५ साली तो मुंबईस उतरला होता. त्या भेटीची आठवण म्हणून त्याचा अश्वारूढ पुतळा उभारला गेला आणि त्या पुतळ्यावरूनच फोर्टातील त्या भागाला 'काळा घोडा' हे नाव पडले. १९६५ साली पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलविण्यात आला, नाव मात्र जागच्या जागी राहिले. परळचे केईएम रुग्णालयही त्याच्याच स्मरणार्थ आहे.

आता 'प्रशस्त कौटुंबिक घर'. त्यापूर्वी खेड्यातील मोठे घर म्हणजे जमीनदाराचा वाडा. शेकडो एकर शेतीच्या खंडावर तो उभा असे. एडवर्डच्या काळात चित्र पालटले. आगगाडीमुळे लंडनपासून सरे, बर्कशर, ससेक्स या परगण्यांपर्यंत सहज जाता-येता येऊ लागले. वकील, सराफ, कारखानदार, प्रकाशक अशा शहरात कमावणाऱ्या माणसांना शेती नको होती, शेताचा शेजार हवा होता. त्यांनी पाच-दहा एकर जमीन घ्यावी, वास्तुशिल्पी गाठावा आणि जुन्या शेतघरासारखे दिसणारे नवे घर बांधून घ्यावे, असा प्रघात पडला.

या आवडीला वळण लावण्यात एका साप्ताहिकाचा मोठा वाटा आहे. एडवर्ड हडसन या प्रकाशकाने १८९७ साली 'कंट्री लाइफ' सुरू केले. त्यात एकीकडे सुंदर घरांची छायाचित्रे आणि दुसरीकडे विकाऊ घरांच्या जाहिराती, अशी जोडी जमली. ती आजतागायत टिकून आहे. हडसनने स्वतःसाठी थेम्स नदीकाठच्या सॉनिंग गावी १८९९ ते १९०१ या काळात 'डीनरी गार्डन' हे घर बांधून घेतले. गावातील एका जुन्या विटांच्या भिंतीआडची फळबाग तशीच राखून तिच्या कडेला घर बसविण्यात आले. वास्तुशिल्पी होते तिशीतील एडविन लट्येन्स. पुढे नवी दिल्लीचे शिल्पकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते हेच.

या घरांची कीर्ती परदेशांतही पोहोचली. हर्मान मुथेसियुस हे जर्मन वास्तुशिल्पी १८९६ ते १९०३ या काळात लंडनच्या जर्मन वकिलातीत होते. इंग्रजांच्या घरांचा बारकाईने अभ्यास करून त्यांनी १९०४-०५ मध्ये तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दिखाऊपणापेक्षा राहणाऱ्यांची सोय पाहणारे घर त्यांना तेथे आढळले. खरोखरच, एडवर्डकालीन घराची मांडणी सोयीची असे. व्हिक्टोरियाच्या काळातील अंधारी तळघरे मागे पडून स्वयंपाकघर तळमजल्यावर आले. खिडक्या रुंद झाल्या आणि दिवाणखाना बागेकडे उघडू लागला. प्रवेशालगतच्या मोठ्या दालनात शेकोटी असे आणि घरातील माणसे तेथे एकत्र बसत. स्थानिक विटा, स्थानिक कौले, स्थानिक सुताराचे लाकूडकाम यांवर भर असे.

पण त्याच घराला आणखी एक बाजू होती, ती जाहिरातीत सहसा येत नाही. स्वयंपाकघर, कोठीघर, भांडी घासण्याची मोरी आणि नोकरांसाठीचा अरुंद मागचा जिना यांचा एक वेगळाच भाग असे. छपराखालच्या खोल्यांत मोलकरणी झोपत आणि पहाटे उठून घरभरच्या शेकोट्या पेटवीत. १९११ च्या जनगणनेच्या वेळी इंग्लंड आणि वेल्समध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामावर होत्या. स्त्रियांसाठी दुसरा कोणताही धंदा एवढा मोठा नव्हता. घर 'प्रशस्त' होते, याचे कारण ते झाडणारे हात स्वस्त होते.

'ग्रामीण बाग' या शब्दांची कथा तर अधिकच रंजक आहे. त्या काळी बागेविषयी इंग्लंडात मोठा वाद पेटला होता. विल्यम रॉबिन्सन यांचा आग्रह असा, की झाडांना आपल्या स्वभावाप्रमाणे वाढू द्यावे. वास्तुशिल्पी रेजिनाल्ड ब्लूमफील्ड यांनी १८९२ च्या आपल्या पुस्तकात उलट बाजू मांडली : बाग हा घराचाच विस्तार आहे आणि तिची आखणी वास्तुशिल्पीनेच करावी. हा वाद पुस्तकांतून मिटला नाही. तो दोन माणसांच्या सहकार्यातून मिटला. लट्येन्स आणि गर्ट्रूड जेकिल यांची भेट १८८९ साली झाली. तेव्हा ते वीस वर्षांचे, तर जेकिलबाई पंचेचाळिशीच्या. पुढे लट्येन्स यांनी पायऱ्या, दगडी वाटा, पाण्याचे पाट आणि भिंती आखाव्यात आणि त्या रेषांवर जेकिलबाईंनी फुलांची सैल, भरघोस लागवड करावी, असा शिरस्ता पडला.

गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) मूळच्या चित्रकार. दृष्टी अधू होत गेल्याने डोळ्यांना ताण देणारी चित्रकला आणि भरतकाम त्यांना सोडावे लागले. मग त्यांनी जमिनीवर चित्रे काढली, असे म्हटले तर वावगे होणार नाही. सरे परगण्यातील 'मन्स्टेड वुड' या त्यांच्या घरच्या बागेत फुलांचा मुख्य पट्टा सुमारे दोनशे फूट लांब आणि चौदा फूट रुंद होता. दोन्ही टोकांना निळसर, पांढरे, फिकट पिवळे असे शांत रंग आणि मध्याकडे जाताना नारिंगी व लाल रंगांचा भडका, अशी त्याची योजना. १९०८ साली त्यांनी रंगयोजनेवर जे पुस्तक लिहिले, ते आजही बागप्रेमी वाचतात. सुमारे चारशे बागांच्या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. अस्सल इंग्रजी म्हणून नावाजलेल्या या बागेतील पुष्कळशी झाडे इंग्रजी नव्हतीच. जेकिलबाईंच्या पट्ट्यातील तो तेजस्वी मध्यभाग डेलिया, कर्दळ आणि झेंडू यांनी पेटलेला असे. ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातील. म्हणजे आपल्या परसातील झेंडू आणि कर्दळ व सरे परगण्यातील झेंडू आणि कर्दळ ही एकाच मुळाची, वेगवेगळ्या बोटींनी निघालेली भावंडे. ऱ्होडोडेंड्रॉनच्या कित्येक जाती जोसेफ हूकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिक्कीमच्या डोंगरांतून नेल्या. 'बंगला' हा शब्दही बंगालातून तिकडे गेला आणि इंग्रजी घरांत रुळला.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि या जगाचा पाया खचला. बागेतील तरुण माळी सैन्यात गेले. कॉर्नवॉल परगण्यातील हेलिगन येथे माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर त्यांनी ऑगस्ट १९१४ या तारखेखाली केलेल्या सह्या पुढे अनेक दशकांनी सापडल्या. त्यांतील बरेच जण परतलेच नाहीत. ज्या मुलांसाठी घरे बांधली होती, त्यांतलेही कित्येक परतले नाहीत. युद्धानंतर सैनिकांच्या दफनभूमी आखणाऱ्या प्रमुख वास्तुशिल्पींत लट्येन्स होते आणि फ्रान्समधील काही दफनभूमींच्या फुलझाडांचे आराखडे जेकिलबाईंनी करून दिले. घरच्या बागेतील फुले थडग्यांशी लावली गेली. ज्या बागा त्या मुलांना वारशाने मिळायच्या, त्यांचा एवढाच वाटा त्यांच्या पदरी पडला. हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ दिल्लीत उभे असलेले इंडिया गेटही लट्येन्स यांचेच.

मागे राहिलेल्यांना घर सांभाळणे जड जाऊ लागले. मृत्यूनंतरच्या वारसाकराचा सर्वोच्च दर १८९४ साली आठ टक्के होता, तो १९१९ साली चाळीस टक्क्यांवर गेला. युद्धकाळात कारखान्यांत काम केलेल्या मुली पुन्हा छपराखालच्या खोल्यांत झोपायला राजी नव्हत्या. मग जाहिराती वाढल्या. काही घरांचे तुकडे करून सदनिका झाल्या. काहींत शाळा, शुश्रूषागृहे किंवा धर्मभगिनींचे मठ आले. बागेत प्रथम फुलांचा पट्टा गेला, कारण त्यालाच सर्वांत जास्त राबणूक लागे. तेथे गवत आले, मग मोटारींसाठी फरशी.

लट्येन्स यांच्या एका कामाची हकिगत आपल्याला विशेष जवळची वाटेल. लिव्हरपूलच्या कॅथलिक महामंदिराचे काम आर्चबिशप रिचर्ड डाउनी यांनी त्यांच्याकडे सोपविले आणि १९३३ साली पायाभरणी झाली. कल्पना अतिभव्य होती. दुसऱ्या महायुद्धात काम थांबले आणि खर्च आवाक्याबाहेर गेला. शेवटी त्या आराखड्यातील केवळ तळघरातील मंदिर पुरे झाले. त्याच्या शेजारी १९६७ साली उभे राहिलेले महामंदिर दुसऱ्या वास्तुशिल्पीचे आहे. भाविक मात्र दोन्ही ठिकाणी प्रार्थना करतात.

बागांचेही थोडेफार असेच झाले. सॉमरसेटमधील हेस्टरकूम येथे लट्येन्स आणि जेकिल यांनी १९०४ ते १९०८ या काळात केलेली बाग पुढे मोडकळीस आली. घरात परगण्याच्या अग्निशमन दलाचे मुख्यालय होते. १९७३ साली परगणा मंडळाने बागेचा जीर्णोद्धार हाती घेतला, तेव्हा माळ्याच्या खोपटात लागवडीचे जुने नकाशे सापडले. हॅम्पशरमधील अप्टन ग्रे येथील बाग १९०८ ची. १९८४ साली नव्या मालकांनी ती पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा तेथे जेकिलबाईंचे फारसे काही उरले नव्हते. पण जेकिलबाईंचे शेकडो नकाशे एका अमेरिकन उद्यानरचनाकार बाईंनी विकत घेऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाला दिले होते. त्यांच्या प्रती मागवून, कोणते झाड कोठे याची खूण पाहत बाग पुन्हा लावली गेली. जेकिलबाईंचे मन्स्टेड वुड २०२३ साली राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेने विकत घेतले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. घर विकता येते, कारण विटा-लाकूड एका दिवसात एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. बाग तशी जात नाही. ती दरवर्षी नव्याने करावी लागते आणि तिची मालकी कागदावर कोणाचीही असो, ती राबणाऱ्याची असते. राबणारा गेला की दोन-चार पावसाळ्यांत ती नाहीशी होते. मागे एखादी नोंद राहिली, तरच परत येऊ शकते.

वसईच्या वाड्यांत काय किंवा गोव्याच्या वाड्यांवर काय, जुनी घरे आज विक्रीला निघत आहेत. त्यांतील प्रत्येक व्यवहार चुकीचा असतो, असे म्हणता येणार नाही. भावंडांची वाटणी, मुलांचे शिक्षण, परदेशी गेलेले वारस ही कारणे खरी असतात. पण सही करण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन एक साधा नकाशा काढावा. विहीर कोठे होती, चाफा कोणी लावला, कोणत्या फणसाचे गरे कापे आणि कोणत्याचे बरके, क्रूस कोणत्या कोपऱ्यात होता, मांडव कोणत्या अंगणात पडत असे, हे सारे त्यावर लिहावे. कागदाला पैसे पडत नाहीत. जेकिलबाईंच्या बागा परत आल्या, त्या अशाच कागदांमुळे.