सहकार्यस्थळ (मुंबई उपनगरे)

सहकार्यस्थळ अर्थात को-वर्किंग स्पेस म्हणजे निरनिराळ्या व्यवसायांतील व्यक्तींनी शुल्क देऊन एकत्र वापरायचे कार्यालय. टेबल, वीज, इंटरनेट व बैठकीची खोली यांचा खर्च त्यात विभागला जातो. ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू केलेल्या उपक्रमानंतर ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ झाली.

दहिसर हे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील पश्चिम रेल्वेचे उत्तरेकडील अखेरचे स्थानक असून चर्चगेटपासून सुमारे ३६ किलोमीटरवर आहे. मार्च २०२० मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झालेली लोकल त्यांना १ फेब्रुवारी २०२१ पासून, तीही ठरावीक वेळांतच, खुली झाली. दरम्यान कार्यालय घरी आले. परंतु एक-दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र टेबल कुठून आणणार? विद्यार्थ्यांची हीच अडचण मुंबईतील अभ्यासिका फार पूर्वीपासून भागवीत आल्या आहेत; त्या अर्थाने ही कल्पना येथे अगदीच परकी नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये अंशतः सुरू झालेल्या मेट्रो २अ व ७ या मार्गिका जानेवारी २०२३ मध्ये अंधेरीपर्यंत पोहोचल्या. त्यामुळे दहिसरकरांना अंधेरी-गोरेगावची कार्यालये जवळ आली. घराशेजारच्या जागेची निकड मात्र काहीशी कमीही झाली.

अशी जागा सहसा भाडेपट्ट्याने न देता परवाना किंवा सेवाकराराने दिली जाते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिल्याने मालक जागा देण्यास कचरत. परवान्याची पद्धत त्यातूनच बळावली. परवानाधारकाला भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत. सोयीच्या कौतुकात ही बाजू बहुधा झाकली जाते.