राळ, कापूस आणि एम-सील : नावेच्या भेगेचा इतिहास

आजचा विषय जरा चिकट आहे. अगदी शब्दशः.

यवतमाळ म्हटलं की कापूस आठवतो, नाव कुणाला आठवत नाही. पण मोबाईलवर नकाशा उघडा. एका बाजूला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, वणीच्या पुढे दोघींची भेट. पुसद तालुक्यात पैनगंगेवरच इसापूर धरण. जिथं एवढं पाणी तिथं मासेमारी, आणि मासेमारी म्हणजे छोट्या नावा. नाव आली की भेग आलीच!

आपल्याकडे लाकडी नावांची जुनी रीत अशी: फळ्यांच्या सांध्यात तेल लावलेला कापूस ठोकून बसवायचा, वरून राळ नाहीतर डांबर. पाण्यात लाकूड फुगतं, कापूस दाबला जातो, सांधा बंद. साधं, पण हुशारीचं काम.

आता थेट स्वित्झर्लंडला जाऊ. 1930 च्या दशकात पिएर कास्तां नावाचा रसायनशास्त्रज्ञ कवळीसाठी साहित्य शोधत होता. त्यातून एपॉक्सी हाती आलं. दातांचं बाजूला राहिलं आणि सिबा कंपनीनं 1946 मध्ये त्याचा गोंद अ‍ॅराल्डाइट नावानं बाजारात आणला. आपल्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एम-सील त्याच कुळातलं. आधी ते महिंद्रा समूहाकडे होतं, 2000 मध्ये पिडिलाइटनं घेतलं.

यात दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. वेगवेगळे ठेवले तर दोघंही शांत. एकत्र मळले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि दगडासारखं होतं. म्हणून रंग एकसारखा होईपर्यंत मळायचं. जागा कोरडी हवी, पॉलिश पेपरनं घासलेली हवी. हातमोजे घाला. विदर्भातल्या उन्हाळ्यात ते लवकर घट्ट होतं, त्यामुळे थोडं थोडंच मळा. आणि नाव लगेच पाण्यात ढकलू नका, एक दिवस जाऊ द्या.

पत्र्याच्या किंवा फायबरच्या नावेचं बारीक भोक यानं छान बुजतं. पण लाकडी फळ्यांचा सांधा हलतो, फुगतो, आकसतो. एपॉक्सी पुट्टी कडक, ती तिथून सुटू शकते. यवतमाळकरांनो, तिथं अजून कापूसच जिंकतो!

आता गंभीर गोष्ट. 14 सप्टेंबर 2021 ला वर्धा नदीत, अमरावती जिल्ह्यातल्या झुंज इथं नाव उलटली आणि 11 जण बुडाले. छोट्या नावेत माणसं जास्त होती. त्याला कुठलाही गोंद उपाय नाही. माझं मत स्पष्ट आहे. भेग बुजवणं ही अर्धीच दुरुस्ती. नावेत किती माणसं बसवायची आणि अंगात लाइफ जॅकेट आहे की नाही, ही उरलेली अर्धी.

तुमच्या गावात नावेची भेग कशानं बुजवतात? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!